पहाडी बकरीची शिंगं कापू की नको

भाईंदरच्या गोडदेवपासून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कपर्यंत मान वर करून चालत गेलात, तर दिसतील त्यातल्या निम्म्या खिडक्यांची ग्रिलं माझ्या हातची आहेत. मान जरा वाकडी केलीत, तर ती सरळ पण दिसतात.

माझं शिक्षण म्हणाल तर शाळेत मी थोडेच दिवस गेलो, पण तेवढ्यात शाळेला पुरे झालं. मग वेल्डिंगला लागलो. वेल्डिंगमध्ये तोंड झाकून काम करतात, म्हणून घरच्यांनी पण आनंदाने पाठवलं. तेव्हापासून गोडदेवला माझं छोटं दुकान आहे, दुकानाच्या मागे घर, आणि घराच्या मागे थोडी मोकळी जागा. त्या जागेत एके दिवशी बकरी आली. आली म्हणजे मीच आणली. पण ती आली असंच मी घरी सांगितलं होतं.

उत्तनला समुद्राच्या बाजूला एका शेठचा बंगला आहे. शनिवार-रविवारी पार्टीवाल्यांना भाड्याने देतात. तिथलं गेट दुरुस्त करायला मी गेलो होतो. गेट मीच बसवलेलं, म्हणून दुरुस्ती निघालेली. शेठने पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून एक पहाडी बकरी आणून ठेवली होती. थंड मुलखातली, पांढरी, अंगावर केस एवढे लांब की चालली की जमीन पुसत चाललीय असं वाटायचं. काश्मीरची का हिमाचलची, शेठला पण माहीत नव्हतं. ज्याने विकली तो 'ऊपर की है' एवढंच बोलला होता. डोक्यावर दोन शिंगं, मागे वळलेली, कंगव्याने भांग पाडावा तशी.

ती बकरी आदल्या रविवारी एका पाहुण्याच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर चढून बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. पाहुण्याने तिला हाकलली, तर तिने शिंगं घासत घासत गाडीवर सही केली. शेठचं तिच्यावरून मन उडालं होतं. मी सहज बोललो, "काय केस आहेत हिचे." झालं. शेठ बोलला, "ले जाओ." मी 'घरी विचारून सांगतो' म्हणेपर्यंत बकरी माझ्या टेम्पोत उभी होती.

बंगला सांभाळायला उत्तनचीच एक मावशी आहे. ती दोरी माझ्या हातात देत बोलली, "ने बाबा. पन हिच्या शिंगांच्या वाटंला जाव नको. लय तापट हाय."

मी बोललो, "मावशी, माझी बायको पण तापटच आहे. सांभाळतो ना मी."

मावशीने मला खालून वर बघितलं. "कोन कोनाला सांबाळतंय ता दिसतंय."

घरी बायकोने दार उघडलं, आधी बकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघांतलं आत कोणाला घ्यायचं त्याचा विचार करत उभी राहिली. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा हात बकरीच्या पाठीवर गेला. लांब केसांच्या आत अजून एक केस असतो, एकदम मऊ, धुरासारखा. बायकोची बोटं त्यात रुतली आणि जी शिवी येत होती ती आतच राहिली. संसारात एवढी मोठी गोष्ट माझ्यासाठी पहिल्यांदा कोणीतरी केली, आणि ती बकरीने केली.

आता हे केस कशाला, ते सांगतो. आमची मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आणि माझ्या बायकोचं एक जुनं दुखणं आहे. ही मुलगी झाली तेव्हा बारशाला घालायला टोपडं नव्हतं, म्हणून शेजारणीकडून मागून आणलं, आणि संध्याकाळी धुऊन परत दिलं. फोटोत डोकं आमच्या मुलीचं आहे आणि टोपडं शेजारणीचं. तो फोटो दिसला की बायको अजून तो पालथा घालून ठेवते. तेव्हापासून तिने ठरवलेलं, नातवंडाच्या बारशाला टोपडं आपलं, आपल्या हाताने केलेलं.

मी बोललो, शांती नगरमध्ये दुकानं भरलीयत, आणू की. तर बोलली, "त्यात प्लास्टिक असतं. टोचतं." मी बोललो, बाळ येणार मे महिन्यात, भाईंदरच्या गरमीत लोकरीचं टोपडं कशाला? त्याचं तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण यात एक भानगड होती. आमच्यात बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, करायचं नाही, बोलायचं पण नाही. बारशापर्यंत बाळाला घरातले जुने, मऊ झालेले कपडे. नवीन ते बाराव्या दिवशी. म्हणून बायकोने स्वतःचा कायदा केला. बकरीचे केस विंचरायला हरकत नाही, कारण केस म्हणजे टोपडं नव्हे. टकळीवर सूत कातायला पण हरकत नाही, सूत म्हणजे पण टोपडं नव्हे. विणायचं मात्र बाळ आल्यावर, बारशाच्या आत. आणि टोपडं हा शब्द तोपर्यंत घरात बंद. सगळे 'ते' म्हणायचे. मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळेला मला मीठ-मोहरी ओवाळून टाकायला लावली. दुसऱ्यांदा ती माझ्यावरूनच ओवाळली.

तर बाकी सगळं ठरलेलं होतं. राहिलं होतं ते केस काढायचं, आणि ते बकरीच्या हातात होतं. म्हणजे शिंगात.

मुलीने मोबाईलवर बघून सांगितलं, की थंडी संपली की ह्या बकऱ्यांचा आतला मऊ केस सुटायला लागतो. तेव्हाच फणीने काढून घ्यायचा. नाहीतर आपोआप गळतो आणि वाऱ्यावर जातो. होळी होऊन गेली होती. केस सुटायला लागलेच होते. आमच्या बाजूला उत्तर प्रदेशचा एक टेलर आहे, त्याच्या मशीनवर जाऊन बसायचे. समोर चहावाल्याच्या भांड्यात जायचे. चहावाला बोलायचा, "भाऊ, तुमची मलई माझ्या चहात येतेय."

बायको रोज सकाळी फणी घेऊन जायची. बकरी दोन मिनिटं उभी राहायची, मग मान अशी झटकायची की शिंग मनगटावर यायचं आणि फणी गटारात. बायकोच्या मनगटाचं तिला काही नव्हतं. तिला भीती होती ती मुलीची. पोटुशी पोर मागच्या दाराने येते-जाते, आणि बकरीने एखादं शिंग तिच्या पोटाला लावलं तर? शेवटी एक दिवस हात चोळत आत आली आणि बोलली, "शिंगं तरी जातील, नाहीतर बकरी तरी जाईल. पोरीच्या पोटाशी मी खेळ करणार नाही."

बकरी गेली तर केस गेले. केस गेले तर 'ते' गेलं. हे ती बोलली नाही, पण गटारातून काढलेली फणी ती इतका वेळ धूत होती की मला कळलं.

मी बोललो, "काळजी करू नको. मी बघतो." हे ऐकून ती जास्तच काळजीत पडली.

खरं म्हणजे शिंगांवर माझा पण राग होता. बकरीसाठी मी पिंजरा केला होता. साधा नाही, डिझाइनवाला. मधोमध उगवता सूर्य आणि चारी बाजूला किरणं, बेव्हर्ली पार्कच्या एका गिऱ्हाइकाने नाकारलेलं डिझाइन. त्या किरणांमधल्या फटी अशा होत्या की बकरीचं डोकं त्यातून आरामात बाहेर जायचं. शिंगं मागे वळलेली, त्यामुळे जाताना काही अडचण नाही. परत यायला मात्र शिंगं अडायची. माशाच्या तोंडात गळ असतो ना, तसं. पहिल्याच सकाळी बघतो तर बकरी सूर्याच्या बाहेर तोंड काढून रस्त्याकडे बघत उभी. ओढली, ढकलली, शिंगाला खोबरेल लावलं. शेवटी एक किरण कापला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला अडकली. दुसरा किरण कापला. बकरी रोज बाहेर यायची आणि माझा सूर्य रोज थोडा मावळायचा.

टेलर हे सगळं मशीनवर बसून बघत असायचा. तो बोलला, "भाऊ, सींग काट दो. झंझट खतम."

मला पटलं. लोखंड कापायला माझ्याकडे ग्राइंडर आहेच. शिंग म्हणजे काय, नखासारखंच. नख आपण कापतो की.

मुलगी दारात खुर्ची टाकून बसली होती. ती बोलली, "पप्पा, दाराच्या फटीत तुमची मिशी अडकली तर मिशी कापाल का दार उघडाल?"

मी बोललो, "मिशी परत येते."

"आणि शिंग?"

"ते पण येत असेल."

"असेल म्हणजे? माहीत आहे का नाही?"

"तू आराम कर. ह्या दिवसांत जास्त बोलायचं नसतं."

दुपारी सगळे झोपल्यावर मी तयारी केली. बकरी मारेल म्हणून तोंडावर वेल्डिंगचा मास्क चढवला. हातात ग्राइंडर घेतला, लेदरचे हातमोजे घातले, आणि पिंजऱ्याचं दार उघडून आत गेलो. आता ज्याने वेल्डिंग केलंय त्याला माहीत आहे की त्या मास्कची काच काळी असते. समोर वेल्डिंगचा उजेड असेल तरच त्यातून दिसतं. नाहीतर दिवसासुद्धा डोक्यावर डबा घातल्यासारखं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं आयुष्य त्या मास्कच्या आत गेलंय. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

आत काळोख. मी हाताने चाचपत "ये ये, शाणी ती, शाणी ती" करतोय. कुठेतरी पाय वाजले. मग पाठीमागे, जिथे मी बसतो त्या जागेला, असा दणका बसला की मी पुढे गेलो आणि बकरीच्या पेंडीच्या घमेल्यात गुडघ्यावर बसलो. मास्क वर केला तर बकरी कोपऱ्यात शांतपणे ग्राइंडरची वायर चघळत होती. प्लग मी लावलाच नव्हता, तेवढं एक नशीब. देवाने अक्कल दिली नाही, पण तो विसराळूपणा वेळेवर देतो.

टेलर त्याच्या मशीनवरून बोलला, "भाऊ, कट गया क्या?"

मी बोललो, "हो. माझं कटलं."

बायको आवाजाने उठून आली. पेंडीने माखलेला नवरा, तोंडावर अर्धवट मास्क.  तिने ग्राइंडर उचलून आत नेला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. संध्याकाळी तिनेच फोन करून तबेल्यात येतो त्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर तरुण होता, स्कूटरवरून आला. बकरी बघून खूश झाला. गोडदेवला म्हशी, कुत्री बघून कंटाळला असणार. त्याने शिंग हातात धरलं, बकरीने काही केलं नाही. मला राग आला.

"कापायचंय कशाला?" त्याने विचारलं.

मी बोललो, "अडकतात. आणि मारते."

"अहो, हे नख नाही. आत हाड आहे, रक्त आहे, दुखतं तिला. एवढ्या मोठ्या बकरीचं मुळातून कापलं तर खाली डोक्यातली पोकळी उघडी पडते. मग त्यात पू, माशा, किडे. करायचंच असतं तर पिल्लू असताना, शिंगाचं नुसतं बोंड असतं तेव्हा, आणि तेही डॉक्टरने, भूल देऊन. आता नाही."

"डोक्यात पोकळी असते?"

"असते."

बायको मागून बोलली, "काहींच्या जास्त असते."

डॉक्टर पिंजऱ्याकडे गेला. उरलेला सूर्य त्याने बराच वेळ बघितला. "ही जाळी कोणी केली?"

मी बोललो, "मिळाली कुठूनतरी."

"ह्याच माणसाने माझ्या क्लिनिकची खिडकी केलेली दिसते," तो बोलला आणि शिटी वाजवत स्कूटरवर बसला. जाताना सांगून गेला, जाळी बारीक करा, शिंगांचा विषय सोडा.

जाळी मी बारीक केली. सगळ्या फटींवर पत्रे मारले. सूर्य गेला, आता ते मच्छीबाजारातल्या पेटीसारखं दिसायला लागलं. अडकायचं थांबलं. पण मारायचं काय? केस तर रोज गळत होते. माझ्या बनियनवर, तुळशीत, पलीकडच्या नाल्यात. बायको आता बकरीजवळ जायची नाही, मुलीला पण मागच्या दाराला कडी घालून बसवायची. संध्याकाळी पत्र्याला चिकटलेले केस एकेक करून काढायची आणि पिशवीत टाकायची. मूठभर पण झाले नव्हते.

मग मला आयडिया आली. एसी बसवणारे तांब्याच्या पाईपवर काळा स्पंज घालतात, नळीसारखा, तो बघितलाय ना? माझ्या ओळखीचा एक एसीवाला आहे, त्याच्याकडून तो आणला. दोन्ही शिंगांवर चढवला आणि वरून चिकटपट्टी फिरवली. टोकाला स्पंजचाच एक गोळा. आता मारली तरी उशी लागल्यासारखं. शिंगं पण राहिली, मार पण गेला. बकरी दिसत होती भयानक, लग्नातल्या बँडवाल्यासारखी. पण बायको खूश झाली. खरंच खूश झाली. बोलली, "हे बरं केलंत." मी तिला परत बोलायला लावलं. ती परत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन जरा चढलं. दुपारी मी दुकानात एका ग्रिलला रंग देत होतो, तर मुलीची हाक आली, "पप्पा, बकरी बघा काय करतेय."

बकरी चारी पाय फाकून उभी होती, तोंड उघडं, जीभ बाहेर, हाफ हाफ करत होती. पाठ भट्टीसारखी. पाणी ठेवलं, प्याली, तरी तेच. टेबलफॅन आणून लावला. टेलर कात्री हातात धरून धावत आला. "हीट स्ट्रोक," बोलला. "इसका सींग का कपडा तो निकालो, बेचारी को कंबल पहनाया है."

मी चिकटपट्टी फाडून स्पंज काढला आणि शिंगाला हात लागला. तवा. खरंच तवा. हात मागे घेतला.

"ताप आलाय हिला," मी बोललो. "डोकं तापलंय."

आता घरात कोणाला ताप आला की आमच्यात काय करतात? कपाळावर पाण्याची पट्टी. त्यात विचार करायला काही नसतं, हात आपोआप चालतात. बायकोने धोतराचं जुनं फडकं फाडलं, माठातल्या पाण्यात भिजवलं, पिळलं आणि घडी करून बकरीच्या कपाळावर ठेवायला गेली. पण बकरीला कपाळ कुठे आहे? होतं तिथे शिंगंच सुरू होतात. तर तिने दोन्ही शिंगांना मुळापासून ओली पट्टी गुंडाळली. पोराला आजारपणात डोक्याला बांधतात ना, तशी. आणि स्वतःशी पुटपुटत होती, "उतरेल हं, उतरेल."

बकरी थांबली. हाफणं हळूहळू कमी झालं. मान खाली घातली, डोळे मिटले, आणि पाय जवळ घेऊन अशी उभी राहिली, जशी डोक्याला तेल लावून घेणारी सासूबाई. मी पट्टी काढली, गरम झालेली, परत भिजवली, परत गुंडाळली. बकरी हललीच नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मुलगी दारातून बोलली, "आई, फणी."

बायको फणी घेऊन बसली. मी पट्ट्या बदलायचो आणि ती विंचरायची. पाठीवरून, पोटावरून, मांडीवरून. मऊ केस गोळ्यागोळ्याने निघत होता, ढगासारखा, आणि बकरी शिंगांवर फडकं बांधून डुलक्या घेत होती. टेलर उभा राहून बघत होता, त्याच्या हातातली कात्री तशीच. शेवटी तो बोलला, "भाभी, ये तो पार्लर हो गया."

मी डॉक्टरला फोन केला. बोललो, ताप आला होता, पट्टी ठेवली, उतरला.

"ताप कशावरून?"

"शिंगाला हात लावून बघितलं ना."

फोनवर स्कूटर बंद केल्याचा आवाज आला. मग तो बोलला, "काका, तिला ताप नव्हता. शिंगातून रक्त फिरतं, त्यातून ती अंगातली गरमी बाहेर टाकते. एवढ्या केसांत दुसरीकडून कुठून टाकणार? शिंग म्हणजे तिचा पंखा आहे. तुम्ही काय केलं होतं त्या शिंगांना?"

मी बोललो, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"एसीचा स्पंज घातला होता."

"म्हणजे पंख्यावर गोधडी घातली होती."

"दिसायला चांगलं दिसत होतं," मी बोललो. त्याने फोन ठेवला.

म्हणजे ग्राइंडर चालला असता तर रक्त, भोक, किडे हे सगळं तर होतंच, वरून बकरीचा पंखाच गेला असता. भाईंदरच्या एप्रिलमध्ये. आणि बकरीबरोबर 'ते' पण. त्या दिवशी मी ग्राइंडरच्या प्लगला अगरबत्ती लावली.

पुढे रोज दुपारी तोच कार्यक्रम. मी फडकं भिजवून, पिळून द्यायचो, बायको विंचरायची, आणि मुलगी लांबून मोबाईलवर काय काय वाचून दाखवायची. एकदा माझा हात चुकून शिंगावरच थांबला. मी बोललो, बघ, गरम आहे अजून, मला कळतं हिचं. तर बकरीने डोळे न उघडताच मला ढकललं.

पिशवी भरली. बायकोने गावच्या शाळेत शिकलेली टकळी काढली आणि सूत कातलं. मी पण एकदा कातून बघितलं. माझं सूत एका ठिकाणी दोरखंड आणि पुढे हवा असं निघालं. तिने ते फेकलं नाही, त्याच सुताने बकरी खुंट्याला बांधली.

मुलगी बाळंत झाली, मुलगा. मीरा रोडच्या हॉस्पिटलात एसी एवढा जोरात की मी मफलर शोधत होतो. मी बोललो, इथेच घालूया की टोपडं. आता बोलायला बंदी नव्हती ना. पण टोपडंच नव्हतं अजून. बायको खाटेशेजारी बसून दोन सुयांवर विणत होती, हात थांबत नव्हते, बाळाला बघायला येणाऱ्यांशी मान वर न करता बोलत होती. मधे एकदा तिने उसवलं आणि परत घातलं. मी विचारलं, काय झालं? बोलली, "कान जरा मोठे झाले होते. तुमच्या मापाचे झाले होते."

बारशाच्या सकाळी शेवटची गाठ मारली. पांढरं, हलकं, हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटायचंच नाही. बाळाला घातलं तर ते घामाने ओरडायला लागलं. मग पाळण्याशेजारी टेबलफॅन लावला, बकरीचाच, आणि फोटो होईपर्यंत ते गप्प राहिलं. बायकोने फोटो परत परत काढायला लावला. टेलर बोलला, "भाभी, हो गया." ती बोलली, "अजून एक." फोटोत टोपडं नीट दिसतं. डोकं पण आमच्यातलंच आहे. मग तिने ते हळूच काढलं, घडी केली, आणि ओटीत ठेवलं. कोणाला द्यायचं नव्हतं परत.

रत्नागिरीहून आत्या आली होती. बायकोची आत्या, वयाने मोठी, कान तिखट. मागच्या जागेत बकरी बघून तिने विचारलं, "एवढी शिंगं ठेवलीत हिची? घरात तान्हं पोर, कापून नाय टाकली?"

मला तेवढंच पाहिजे होतं. मी उभा राहिलो. सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, आत्या, शिंग म्हणजे नख नाही. आत हाड असतं, रक्त असतं. ह्या केसाळ जातीत शिंग म्हणजे बकरीचा पंखा. पिल्लू असतानाची गोष्ट वेगळी, पण मोठी झाल्यावर शहाण्या माणसाने शिंगाला हात लावू नये. म्हणून मी ती ठेवली. लोक मान हलवत होते. कोणीतरी मला पेढा पण दिला.

आत्याने बायकोकडे वळून विचारलं, "हा एवढं कुठून शिकला गो?"

बायको बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. ती बोलली, "शिंगं बकरीनंच राखली, आत्या. हे नुसते फडकी पिळत होते."